घोटा बरा झाला, गरगरणं थांबलं, तरी तोल का जातो?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या, डोंबिवलीहून परळला नोकरीला येतात. ८ महिन्यांपूर्वी दादरच्या पुलावरून उतरताना शेवटची पायरी चुकली आणि उजवा घोटा आत मुरगळला. एक्सरेत हाड शाबूत निघालं. तीन आठवडे क्रेप बँडेज, बर्फ, गोळ्या झाल्या. आता दुखत नाही, सूज नाही, पण महिन्यातून एकदा-दोनदा तोच पाय दगा देतो, सपाट रस्त्यावरसुद्धा. घरात ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अचानक गरगरायला लागलं, तीन दिवस उलट्या, अंथरुणातून उठवेना. 'कानाचं आहे' म्हणून सुरू झालेल्या गोळ्या अजून चालू आहेत. गरगरणं थांबलं, पण चालताना झोक जातो, रात्री भिंत धरून बाथरूमला जातात आणि पलंगावर उजव्या कुशीला वळलं की क्षणभर खोली फिरते. बाई विचारतात, ही कमजोरी कधी जाणार आणि दोघींना एकच व्यायाम चालेल का?

मी २४ वर्षं फिजिओथेरपी करते. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही घोट्याच्या पेशंटला 'कमजोरी आहे' असंच सांगायचे, रबरी पट्टा बांधून ताकदीचे व्यायाम द्यायचे, आणि पोटरी दगडासारखी घट्ट झालेली तीच माणसं पुढच्या पावसाळ्यात लंगडत परत यायची. पट्ट्याचा दोष नव्हता. मी ताकद वाढवत बसले होते आणि अडचण खबर पोचण्यात होती.

आपण उभे असतो तेव्हा मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: तळपाय, सांधे आणि स्नायूंकडून एक, डोळ्यांकडून एक आणि कानाच्या आतल्या तोल-यंत्राकडून एक. उजेडात, कडक फरशीवर उभा असलेला निरोगी माणूस साधारण ७० टक्के भरवसा पायांवर, २० टक्के कानावर आणि १० टक्के डोळ्यांवर ठेवतो. लोकलमध्ये पायाखालची जमीनच हलते, तेव्हा मेंदू पायांचं ऐकणं कमी करून कानाचं जास्त ऐकतो. अंधारात डोळ्यांचं सोडून देतो. ही अदलाबदल क्षणाक्षणाला आपोआप चालू असते. एका ठिकाणची खबर बिघडली, की मेंदू सोपी वाट धरतो आणि डोळ्यांना चिकटतो. तुम्ही पायरी उतरताना आता खाली बघून उतरता ना? सासूबाई भिंत धरतात ती अंधारात, दुपारी नाही. दोघींची दुखणी वेगळी, पण मेंदूने काढलेली पळवाट एकच.

घरच्या घरी एक खूण बघा. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर एक हात आपोआप बेसिनच्या कडेला जातो का? १९ व्या शतकात बर्लिनच्या रोम्बर्ग नावाच्या डॉक्टरांनी हेच टिपलं. डोळे उघडे असताना नीट उभा राहणारा पेशंट डोळे मिटले की डुलायला लागतो, कारण पायांची खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही. त्यांच्या नावाची चाचणी आजही आम्ही रोज करतो. तिला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

आता तुमचा घोटा. बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, असतात आणि पाय आत मुरगळला की बहुतेक वेळा पुढचं आधी ताणतं किंवा फाटतं. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. सांधा किती आणि किती वेगाने वळतोय हे सांगणारी मज्जातंतूंची टोकं तिच्यात असतात. १९६५ मध्ये फ्रीमन या ब्रिटिश सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की 'पाय दगा देतो' ही तक्रार लिगामेंट सैल झाल्यामुळेच येते असं नाही, ही टोकं तुटून ताबा गेल्यामुळेही येते. डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहण्याचा सराव ज्यांनी केला, त्यांच्यात ही तक्रार कमी उरली. पुढे या कल्पनेत भर पडली. एक पाय मुरगळल्यावर दुसऱ्या, चांगल्या पायावरचा तोलही कमी झालेला सापडतो. म्हणजे मामला घोट्यापुरता राहत नाही, वर मेंदूपर्यंत जातो. म्हणूनच मी व्यायाम दोन्ही पायांना देते आणि 'हा पाय तर बरा आहे' म्हणून कोणी कुरकुरलं तरी ऐकत नाही.

घोटा मुरगळू लागला की पायाच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू त्याला खेचून धरेल, असं आपण धरून चालतो. तेवढा वेळच नसतो. खबर वर जाऊन, हुकूम खाली येऊन, स्नायू आवळेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग निघून जातो आणि तोवर घोटा वळून मोकळा झालेला असतो. वाचतो तो पाय, जो टेकण्याआधीच तयार असतो. ही तयारी शिकवावी लागते, आणि ती शिकायची तर मेंदूसमोर बेताची, झेपेल एवढी डुगडुग ठेवावी लागते.

तुमच्यासाठी मी असं सुरू करेन. अनवाणी, ओट्यासमोर, दोन बोटं ओट्यावर टेकवून उजव्या पायावर उभं राहायचं. ३० सेकंद. कुकरच्या शिट्टीची वाट बघताना होतं. गुडघा किंचित वाकलेला हवा, ताठ मारायचा नाही. अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा आणि टाच, या तीन ठिकाणी वजन सारखं आहे का ते बघा. सुरुवातीला घोट्याजवळच्या शिरा उड्या मारताना दिसतील आणि पायाची बोटं फरशी पकडू पाहतील. बोटं सैल सोडा. बोटांनी पकडणं म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघणं. आठवडाभराने ओट्यावरची बोटं सोडा. मग उभ्या उभ्या मान डावीकडे-उजवीकडे वळवा. इथे बहुतेक जण गडबडतात, कारण डोळ्यांचा आधार सुटतो. मग गोधडीची चौघडी घालून तिच्यावर उभ्या राहा. बाजारात फोमचे महागडे चौकोन मिळतात, पण जुन्या साड्यांची जाड गोधडी तेच काम करते आणि धुताही येते. डोळे मिटून उभं राहणं अगदी शेवटी, तेही खोलीच्या कोपऱ्यात, कारण ते दिसतं त्याच्या चौपट अवघड आहे.

याच्या जोडीला पायऱ्यांवर एका पायाने टाच उचलण्याचा व्यायाम लागेलच. वीसपर्यंत पोचा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत असतो.

किती दिवस? नेदरलँड्समधल्या ५२२ खेळाडूंवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळला होता. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ८ आठवड्यांचा, आठवड्यातून तीनदा, घरीच आणि कोणाच्या देखरेखीविना करायचा तोलाचा सराव दिला. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, उरलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा. जादू नाही, पण फुकटात मिळणारा एवढा फरक मी तरी सोडणार नाही. आठ आठवडे म्हणजे आठच. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं आणि निम्मे पेशंट तिथेच गळतात.

आठ आठवड्यांनी अंदाजावर जाऊ नका, मोजा. फरशीवर एक सरळ रेघ घ्या, टाइल्सची फट चालेल. तिच्या टोकाशी अंगठा ठेवून एका पायावर उभ्या राहा आणि दुसऱ्या पायाचं बोट रेघेवरून पुढे जितकं जाईल तितकं न्या. टाच उचलायची नाही, पुढच्या पायावर भार द्यायचा नाही. जिथे पोचलं तिथे खडूची खूण करा. दोन्ही पायांची खूण ४ सेंटिमीटरच्या आत आली पाहिजे. त्यापेक्षा जास्त फरक असलेल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंना पायाच्या दुखापती जास्त झाल्याचं दिसलं आहे. तुम्ही बास्केटबॉल खेळत नसाल, पण संध्याकाळी सहाला दादरचा पूल उतरणं हा काही कमी खेळ नाही.

आणि शेवटची परीक्षा लंगडी. हो, शाळेतली लंगडी. आधी जागच्या जागी दहा उड्या, मग पुढे, मग आडव्या. उतरताना आवाज किती होतो ते ऐका. चांगला पाय 'टप' असा उतरतो, बिघडलेला 'धप्प'. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण माझ्या कानाला एव्हाना ते कळतं. आपल्याकडे मुली आठवीनंतर लंगडी खेळणं सोडतात आणि चाळिशीत एका पायावर उभं राहायला फिजिओ शोधतात, असं मी क्लिनिकमध्ये म्हणते तेव्हा सगळ्या हसतात. मग उभं राहून बघतात आणि हसू थांबतं.

एक अपवाद. घोट्याच्या आत खोलवर ठणकत असेल, सांधा मध्येच अडकत असेल किंवा रोज संध्याकाळी सूज येत असेल, तर व्यायाम रेटू नका. मुरगळताना आतल्या हाडावरच्या कूर्चेला इजा होऊ शकते आणि ती साध्या एक्सरेत निसटते. तेव्हा ऑर्थोपेडिककडे जाऊन एमआरआयचं विचारा.

आता सासूबाई, आणि इथे मला जरा जास्त वेळ लागेल.

आपल्या भाषेत चक्कर आहे, भोवळ आहे, घेरी आहे, गरगरणं आहे, डोळ्यांपुढे अंधारी येणं आहे, झोक जाणं आहे. एवढे शब्द असून दवाखान्यात सगळे 'चक्कर येते' एवढंच सांगतात आणि तेवढ्यावर गोळी मिळते. मी तीन गोष्टी विचारते: काय केल्यावर येते, किती वेळ टिकते, आणि त्या वेळी आणखी काय होतं. उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर आधी रक्तदाब बघायचा. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. न तपासता खात्री देता येणार नाही, पण सहसा हे असं असतं.

पहिली, तीन दिवस अखंड गरगरणं आणि उलट्या. एका कानाच्या तोलाच्या नसेला सूज आली असावी. दोन्ही कान मेंदूला सारखी खबर देत असतात. एक अचानक गप्प झाला की दुसऱ्याचा आवाज एकतर्फी ऐकू येतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतो आहोत. काही दिवसांत मेंदू समजून घेतो आणि गरगरणं थांबतं. पण डोकं पटकन वळवलं की तो मंद कान मागे पडतो. म्हणून झोक जातो.

दुसरी, उजव्या कुशीवर क्षणभर फिरणारी खोली. कानात सूक्ष्म खडे असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच. ते आपल्या जागेवरून निसटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं विशिष्ट कोनात वळल्यावर घरंगळतात आणि सगळं फिरतं. कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना, केस धुताना. एक मिनिटाच्या आत थांबतं. नसेच्या सुजेनंतर हे खडे निसटणं बऱ्यापैकी आढळतं, म्हणून एकाच माणसात दोन्ही असण्यात नवल नाही.

खड्यांवर गोळी नाही. त्यांना वाट दाखवून परत जागेवर न्यावं लागतं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या चाचणीत पेशंटला मान वळवून झटकन आडवं करतात आणि बुबुळं कशी फिरतात ते बघतात. कुठल्या कानाची कुठली नळी, हे डोळेच सांगतात. मग एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने वळवायचं, दर टप्प्यावर अर्धं ते एक मिनिट थांबायचं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं, आणि पुष्कळांना एक-दोन बैठकांत फरक पडतो. पण व्हिडिओ बघून घरी करू नका. चुकीचा कान धरला तर उपयोग नाही, आणि ६८ व्या वर्षी मानेचे मणके काय अवस्थेत आहेत ते बघितल्याशिवाय मान लटकवू नये. खडे पुन्हा निसटू शकतात. झालं तर घाबरायचं नाही, पुन्हा जायचं.

सहा महिन्यांच्या गोळ्यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारखी औषधं पहिल्या काही दिवसांत देवासारखी असतात, उलट्या थांबवतात. पण ती खबरच दाबतात, आणि खबर दाबली तर मेंदू शिकणार कशावरून? वयस्कर माणसांत ती जास्त दिवस चालली तर हातांना कंप, चालण्यात मंदपणा असा पार्किन्सनसारखा प्रकारही दिसू शकतो. गोळ्या मनाने बंद करू नका. पट्टी घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि 'ही अजून लागते का, कमी कशी करायची' एवढं विचारा. हा प्रश्न कोणीच विचारत नाही, म्हणून औषध चालू राहतं.

मंद कानासाठी मुख्य व्यायाम आहे नजर स्थिर ठेवण्याचा. डोकं वळलं की कान डोळ्यांना उलट दिशेने तेवढंच वळवतो, सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात. शरीरातल्या सर्वांत चपळ प्रतिक्षेपांपैकी हा एक. तो बिघडला की चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारतात. सासूबाईंना भिंतीवरच्या कालनिर्णयपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसवा. आजची तारीख नजरेत पकडायची आणि 'नाही, नाही' म्हणतात तशी मान हलवायची. आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. धूसर झाला की वेग थोडा कमी, स्पष्ट झाला की वाढवायचा. मग 'हो, हो' अशी वर-खाली. एक फेरी एक मिनिटाची. अशा काही फेऱ्या दिवसातून तीन ते पाच वेळा, दिवसभरात मिळून वीस मिनिटं, चार ते सहा आठवडे. बसून जमलं की उभं राहून, मग पाय जवळ घेऊन, मग गोधडीवर, मग चालता चालता.

यात थोडं गरगरणारच, आणि नेमकं तेच हवं आहे. दहापैकी तीन-चार गुण गरगरलं आणि पंधरा-वीस मिनिटांत निवलं, तर मात्रा बरोबर. दिवसभर मळमळलं तर जास्त झाली. अजिबात काहीच झालं नाही, तर व्यायाम न करता नुसती मान हलवणं चाललं आहे. मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते सुनांशी आणि मुलांशी. 'आईला त्रास होतो' म्हणून तेच थांबवतात, पाणीसुद्धा हातात आणून देतात. द्यायचं तर व्यायाम झाल्यावर द्या.

एक निवृत्त बेस्ट कंडक्टर माझ्याकडे आले होते. तीस वर्षं चालत्या बसमध्ये, हातात तिकिटांची पेटी आणि दुसऱ्या हातात सुटे पैसे, काही न धरता उभे राहिलेले. कसे, ते त्यांनी मला क्लिनिकमध्ये दाखवलं: पाय तिरपे फाकलेले, गुडघे सैल, कंबर सीटच्या पाठीला हलकेच टेकलेली. कानाच्या दुखण्यानंतर त्यांना साधा रस्ता ओलांडता येईना, कारण त्यात मान आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवावी लागते. आम्ही कॉरिडॉरमध्ये दोन्ही भिंतींवर बसचे नंबर चिकटवले आणि त्यांनी चालत चालत दोन्हीकडचे मोठ्याने वाचायचे. पहिल्या दिवशी चार नंबरांत भिंतीला धडकले. पाचव्या आठवड्यात आमच्या शिकाऊ मुलींना तिकिटं फाडून देत होते.

कोणी म्हणेल फुगडी घालू नाहीतर झोपाळ्यावर बसू. मंगळागौरीत फुगडी घालणाऱ्या बायकांना गरगरणं सोसायची सवय असते हे खरं, पण सासूबाईंनी आत्ता नको. आधी कालनिर्णय.

जागा जपून निवडा. एकदा मी एका आजींना डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि कुठे, ते सांगायला विसरले. त्यांनी घराच्या मधोमध केलं आणि कॉटवर आदळल्या. हाड वाचलं, माझी झोप गेली. तेव्हापासून मी कागदावर आधी 'कोपरा' लिहिते: पाठीमागे दोन भिंतींचा कोपरा, पुढे खुर्चीची पाठ, आणि घरात कोणीतरी जागं.

त्यांचं मोजायचं असं. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चाला आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा आजच लावा. पायपुसणं खाली चिकटणारं नसेल तर काढून टाका.

गरगरण्याबरोबर एकाचे दोन दिसणं, जीभ अडखळणं, चेहरा किंवा हात-पाय लुळा पडणं, बसतासुद्धा न येणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम, गोळी, फिजिओ सगळं बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल. पक्षाघातही कधी कधी 'कानाच्या चक्करे'चं सोंग घेऊन येतो.

मुंबईत यासाठी महागड्या क्लिनिकातच जावं लागतं असं नाही. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. रांग असते, पण तुम्ही परळलाच नोकरीला आहात, केईएम तिथेच. खड्यांचं काम मात्र जिथे डिक्स-हॉलपाइक नेहमी होते तिथेच करून घ्या, आधी फोनवर विचारा.

तर दोघींना व्यायाम एक नाही, गोधडी एक चालेल. तुमचा पायापासून सुरू होतो, त्यांचा मानेपासून, आणि खड्यांचं काम सर्वांत आधी, नाहीतर मान हलवली की तीच चक्कर मध्ये येईल. जाताना त्यांच्या गोळ्यांची पट्टी आणि तुम्ही दोघी रोज बाहेर घालता त्या चपला घेऊन जा, नव्या नकोत. तुमच्या उजव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेला झिजलेली असेल असा माझा अंदाज आहे.